तुम्ही विचारलंत म्हणून: तयार मिळतं, तर हाताने कशाला?

"तयार मिळतं ना हे सगळं? मग हाताने कशाला करत बसता?"

साडू विचारतात, कुरिअरवाला विचारतो, कंपनीतला शिफ्ट इन्चार्ज विचारतो. परवा चष्म्याचा नंबर वाढल्याचं सांगता सांगता डोळ्यांच्या डॉक्टरांनीही विचारलं. दर वेळी मी तोंडाला येईल ते उत्तर देऊन सुटतो. ती उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत, हे आता लोकांच्या लक्षात यायला लागलंय. म्हणून एकदा सगळं लिहून काढतो. माझं रणगाड्यांच्या छोट्या मॉडेलांचं कपाट तुम्ही पाहिलेलं आहे, तेव्हा आत काय आहे ते सांगत बसत नाही.

साडूंना दिलेलं उत्तर पैशांचं. पितळी पत्र्याचे किंवा रेझिनचे तयार पार्ट बाहेरून मागवायचे म्हणजे मालाची किंमत, वर कुरिअर, त्याच्यावर कस्टम. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्यापेक्षा अर्ध्या मिलिमीटरची पॉलिस्टायरिन शीट घ्यावी, कापावी, चिकटवावी. हे खरं आहे. पण जळगावच्या सराफ बाजारातून आजवर मी किती चिमटे, किती कानशी, सोनारी करवतीची किती पाती आणली, याचा हिशोब मी साडूंना दिलेला नाही. बायकोलाही नाही. तार ओढायची जंत्रीसुद्धा आणलीय. सोनार तिच्यातून सोन्याची तार बारीक करतो, मी प्लॅस्टिकची काडी. ज्या दुकानातून घेतली तिथल्या म्हाताऱ्याने विचारलं, काय घडवता? रणगाडा, म्हटलं. त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पोराला चहा सांगायला पाठवलं.

कुरिअरवाल्याला सांगितलं, हे पार्ट मिळतच नाहीत. अर्धं खोटं. शोधले तर बरेच मिळतात. जुन्या किटमध्ये, म्हणजे मॉडेलच्या सुट्या प्लॅस्टिक भागांच्या खोक्यात, मात्र दिव्यांच्या जाळ्या, पकडायचे दांडे, पेट्यांच्या कड्या हे सगळं एकसंध ओतलेलं असतं, कणकेचा गोळा बोटाने दाबल्यासारखं. ते चाकूने तासून काढायचं आणि तिथे नवीन बसवायचं. दांड्यांना तांब्याची तार लागते, ती मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जळलेल्या वाइंडिंगमधून फुकट मिळते. केळीच्या बागांचे पंप उन्हाळ्यात पटापट जळतात, त्यामुळे एप्रिल-मे माझा सुगीचा हंगाम. हे बोलायला बरं वाटत नाही, पण आहे तसं आहे.

बाकी याच दिवसांत काम करणं म्हणजे शिक्षा. प्लॅस्टिक चिकटवायचं द्रव सिमेंट ब्रशवरून पार्टपर्यंत जाईस्तोवर उडून जातं. पारा चव्वेचाळीसवर गेला की मी पहाटे पाचला उठून चिकटवाचिकटवी करतो आणि आठला पाइपाच्या कंपनीत जातो, जिथे माझं काम पाइपाच्या भिंतीची जाडी मोजायचं. दिवसभर प्लॅस्टिक, घरी येऊन परत प्लॅस्टिक. यावर बायको जे म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

डॉक्टरांना दिलेलं उत्तर अचूकतेचं, आणि त्यावर माझा स्वतःचा विश्वास होता. खऱ्या गाडीवर बोल्टचं डोकं अठ्ठावीस मिलिमीटरचं असेल तर माझ्या गाडीवर ते 0.8 मिलिमीटरचंच पाहिजे. षटकोनी काडीचे ब्लेडने काप काढायचे, त्यातला एक निवडायचा, सुईच्या टोकावर उचलून ठेवायचा. पडला तर केरसुणीत गेला. एका पट्टीवर सव्वीस बोल्ट असतील तर सव्वीस. पंचवीस केले तर जगात कुणालाही कळणार नाही. मला कळतं, आणि झोप लागत नाही. नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये मी सेंच्युरियन रणगाड्याभोवती एवढ्या चकरा मारल्या, की तिथल्या माणसाने मला दोनदा पाणी विचारलं.

आता अचूकतेचं म्हणाल तर हे पस्तिसावं प्रमाणसुद्धा, म्हणजे खऱ्याच्या एक पस्तिसांश आकार, काही वेदातून आलेलं नाही. जपानच्या तामिया कंपनीने 1961 साली पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं, त्यात मोटर आणि बॅटऱ्या मावायला हव्यात म्हणून तो आकार धरला. मग तेच प्रमाण सगळ्यांनी उचललं. म्हणजे मी ज्या 0.8 मिलिमीटरसाठी डोळे फोडतोय त्याचं मूळ बॅटरीच्या जाडीत आहे. हे मला पंधरा वर्षांपासून माहीत होतं, तरी मी ते कुणाला सांगत नव्हतो.

माझी एक जुनी वही आहे. 2011 साली पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलंय: "जे दिसत नाही ते करायचं नाही." खाली दोन रेघा. तेव्हाचा मी फार शहाणा होता. म्हणायचा, बंद झाकणाखाली इंजिन करणारे वेडे, मॉडेल ही बाहेरून पाहायची वस्तू आहे. त्या नियमावर अकरा वर्षं गेली, आणि वाईट गेली असं नाही म्हणणार.

मग 2022ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया.

आखाजीला माझी आई माहेरी जाते. तिला अमळनेरजवळच्या गावी नेऊन सोडायचं काम माझं. मामा तेव्हा ऐंशीला टेकलेले. ते फौजेत ईएमईत, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात होते, मेकॅनिक. पासष्टच्या लढाईत सियालकोटच्या बाजूला, फिलोरा-चाविंडाकडे, सेंच्युरियनवाल्या रेजिमेंटबरोबर होते. लढाईबद्दल बोलत नाहीत. विचारलं तर पेट्रोलबद्दल बोलतात. सेंच्युरियनला रोल्स-रॉइसचं मिटिओर इंजिन, बारा सिलिंडर, सत्तावीस लिटर, साडेसहाशे हॉर्सपॉवर, तेही पेट्रोलवर. स्पिटफायर विमानातल्या मर्लिनचं हे भावंड, फक्त सुपरचार्जर काढलेलं. "पन्नास टनांची गाडी आणि पेट्रोल," असं म्हणून मामा हात असा झटकतात, जसं काही ते पेट्रोल त्यांच्याच खिशातून गेलं.

तर दिवाळीपासून मी त्यांच्यासाठी सेंच्युरियन करत होतो. वीस पाउंडर तोफेचा, पासष्टला आपल्याकडे होता तसा. रुंदी सत्त्याण्णव मिलिमीटर. साइड प्लेटचे सगळे ब्रॅकेट हाताने. दिव्यांच्या जाळ्या तारेच्या. टोइंगचा दोर तांब्याच्या सात तारा पिळून. पेट्यांच्या कड्या इतक्या बारीक, की त्या लावताना मी श्वास रोखून धरायचो. सहा महिने. त्यातला एक भाग असा नव्हता जो मी फोटोशी ताडून पाहिला नव्हता. उन्हात वाकू नये म्हणून थर्माकोलच्या खोक्यात घालून, एसटीत मांडीवर धरून नेला. गाडीच्या काचेमागे ठेवला असता तर अमळनेरला पोचेपर्यंत तोफेने मान टाकली असती.

ओट्यावर पत्ते चालले होते. आखाजीला आमच्याकडे पत्ते असतातच, त्या दिवशी त्यावरून कुणी कुणाला रागवत नाही. आतून खापराच्या पुरणपोळीचा वास. मामांनी पत्ते ठेवले, धोतराला हात पुसले आणि खोकं उघडलं. मी शेजारी बसलो होतो, कौतुकाची वाट बघत. खोटं कशाला बोलू.

त्यांनी समोरून पाहिलंच नाही. तोफ पाहिली नाही, जाळ्या पाहिल्या नाहीत. गाडी उचलून पाठमोरी केली आणि मागच्या डेकवरच्या इंजिनाच्या झाकणाच्या फटीत अंगठ्याचं नख घातलं.

"उघडस नही का हाई?"

आणि नख वर उचललं. झाकण उघडणारं नव्हतंच, किटमध्ये तो सगळा डेक एका तुकड्याचा. पण माझे दांडे होते त्याच्यावर, आणि दोराचं टोक. तीन दांडे तुटले. एक ब्रॅकेट उडून सतरंजीवर पत्त्यांत जाऊन पडलं.

मी ओरडलो. "हात लावू नका! कळत नाही का तुम्हाला?"

ओट्यावर सगळे गप्प. आई दारात आली. ऐंशी वर्षांच्या माणसाला, त्याच्याच ओट्यावर, सणाच्या दिवशी, सगळ्यांदेखत. मी मामांना आयुष्यात तोवर उलट बोललेलो नव्हतो.

मामांनी हात मागे घेतला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. हात मांडीवर ठेवून, मशिनला विचारावं तसं त्या गाडीकडे बघत म्हणाले, "मझार काय शे?"

मी म्हटलं, "काही नाही मामा. पोकळ आहे."

"आसं," म्हणाले, आणि पत्ते उचलले.

तो ब्रॅकेट मी शोधला नाही. जेवताना आमरसाची वाटी मामांनीच माझ्यापुढे सरकवली. एवढंच. परतीच्या एसटीत खोकं मांडीवर घ्यायची इच्छा झाली नाही, वर फळीवर टाकलं.

मला काय लागलं ते ओळखायला बरेच दिवस गेले. सुरुवातीला मी स्वतःची बाजू घेत होतो. मॉडेल हाताळायचं नसतं, हे कुणालाही सांगावं लागतं. तीन दांडे म्हणजे चार संध्याकाळी. माफी मागायला मी फोन उचलायचो आणि पेट्रोलच्या भावाबद्दल बोलून ठेवून द्यायचो. मग हळूहळू दुसरं दिसायला लागलं. मी सहा महिने फोटोंवरून अचूक रणगाडा करत होतो, आणि ज्याने तो खरोखर हाताळला होता त्याला एकदाही विचारलं नव्हतं. त्याचं नख ज्या जागी गेलं, तिथे त्याची गाडी होती. माझी बाहेर होती, सव्वीस बोल्टांत.

यावर 2011मधला मी म्हणेल, भावनेच्या भरात नियम मोडू नकोस. आणि त्याचं चुकतंय असं मला अजून वाटत नाही. कारण आता मी इंजिन करतोय. तीन वर्षं झाली. डेक करवतीने कापून काढला, झाकणं वेगळी केली, तांब्याच्या तारेच्या बिजागऱ्या घातल्या. आत मिटिओर: साठ अंशांत दोन रांगा, वरची झाकणं, नळ्या, वायरी. खऱ्या इंजिनात सिलिंडरचा व्यास साडेपाच इंचांच्या जरा आत, माझ्याकडे तो चार मिलिमीटरलाही कमी भरला असता. भरला असता म्हणतो, कारण सिलिंडर मी केलेलेच नाहीत. ब्लॉक आतून भरीव आहे. मामांनी उद्या ब्लॉकच्या फटीत नख घातलं तर? मग पिस्टन करू? या रस्त्याला शेवट नाही, हे त्या लाल पेनवाल्याला माझ्या आधी कळलं होतं.

मग हे करतोय कशासाठी, प्रायश्चित्त म्हणून? बायकोला तसं वाटतं, आणि तिला ते बरं दिसतं, म्हणून मी हो म्हणतो. पण पहाटे पाचला जेव्हा एक नळी नेमक्या वळणाने बसते तेव्हा मला मामा आठवत नाहीत. काहीच आठवत नाही. ते मात्र तुम्हाला सांगता येत नाही, म्हणून कस्टमचं कारण सांगतो.

मामा आता सुरतेला असतात, मुलाकडे. डोळे अधू झालेत. मागच्या महिन्यात मी धीर करून फोनवर इंजिनाचं सांगितलं. आखाजीचं काही बोललो नाही, त्यांनीही काढलं नाही. विचारलं, मामा, इंजिनाच्या मागच्या बाजूच्या वायरी कशा जायच्या? फोटोत नीट दिसत नाही.

बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाले, ध्यानात नाही रे. हात लागला तर सांगता येईल.

उजवी बाजू पूर्ण झालीय. डावीकडच्या वायरी राहिल्यात. बिजागऱ्या तारेच्या असल्याने किती वेळा उघडझाप सोसतील याचा मला भरवसा नाही, म्हणून परवा जाडी वाढवून पुन्हा केल्या. आता त्या प्रमाणात बसत नाहीत.