फाळके स्मारकातली ती चिमुरडी

आज संध्याकाळी पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकात गेलो होतो, तिथे एका पोरीचं रील चाललेलं, सहा-सात वर्षांची असेल, नऊवारी, नथ, आणि एकच ठुमका दहा वेळा. मग ती खालीच बसली, नथीने नाक लालबुंद, हळूच म्हणाली "आई, दुखतंय गं", आई म्हणे एकच टेक बाळा, लोकं वाट बघतायत. पोटात कालवलं माझ्या. १९१९ मध्ये दादासाहेब फाळक्यांची मुलगी मंदाकिनीपण लहान वयातच पडद्यावर कृष्ण झाली होती, पण तेव्हा रोजचे लाइक मोजत नव्हतं कुणी. बालकलाकाराला दिवसाला ५ तासांच्या वर काम नाही, कमाईतले २० टक्के त्याच्याच नावावर एफडी, असा नियम आहे, पण घरच्याच मोबाइलवर कोण बघणार हे? निघताना पोरगी गाडीवर आईला टेकून झोपलेली, नथ मुठीत.