साखर उतरली, तरी गोळ्या का?

तुम्ही विचारलंत म्हणून. गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या बाजारात, देवळात, पंगतीत, भेटेल तो हेच विचारतो: “साखर ताब्यात आली ना? मग रक्त पातळ करायच्या दोन-दोन गोळ्या अजून कशाला?”

रक्त पातळ होतच नाही. प्लेटलेट, म्हणजे रक्ताची गुठळी बनवणाऱ्या बारीक पेशी, एकमेकींना चटकन चिकटू नयेत, एवढंच अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल बघतात. मधुमेहात त्या जास्त चिकट होतात, गुठळीचं फायब्रिनचं जाळं दाट विणलं जातं आणि ती गुठळी विरघळू न देणारं पीएआय-१ नावाचं प्रथिनही वाढलेलं असतं. पंधरा वर्षं साखरेत मुरलेलं शरीर एका चांगल्या रिपोर्टनं बदलत नाही.

मलाही नव्हतं पटलं. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीची नळी, घातल्याला नऊ महिने झाले होते, एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ६.८ आलं होतं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळी, गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधत होतो. सुपारीच्या घोसाचा देठ छाटताना कोयता अंगठ्याला लागला. चीर नखाएवढी, पण रक्त थांबेना. सुपाऱ्यांवर थेंब, पंचा भिजला, बायकोनं हळद दाबली तीही वाहून गेली. मेहुणा म्हणाला, “भावोजी, तुमचं रक्त पाणी झालंय.” त्या रात्री दोन्ही गोळ्या मी बंद केल्या. डॉक्टरांनी बारा महिने सांगितलं होतं, फोन करायला दोन मिनिटं लागली असती. केला नाही.

अकराव्या दिवशी पहाटे घाम फुटला, दम लागला. छातीत काहीच दुखलं नाही. मधुमेहात नसा बधिर झाल्या की ते दुखणं कळेलच असं नाही, हे नंतर समजलं. साखर फार उतरली असेल म्हणून मोजली, १४२, म्हणजे उतरलेली नव्हती. तरीही मी साखरपाणी प्यायलो आणि आडवा पडलो. तास गेला. त्याच स्टेंटमध्ये गुठळी अडकली होती. हृदयाचा जो भाग गेला तो गेला. आता डिचोलीचा चढ मी दोनदा थांबून चढतो.

गोळ्या बंद केल्या म्हणूनच झालं का? डॉक्टर म्हणाले, “कारण मोठं आहे, पण गोळ्या घेणाऱ्यांनाही होतं.” मधुमेहात नव्या प्लेटलेट भराभर तयार होतात, त्यामुळे सकाळच्या अ‍ॅस्पिरिनचा जोर काहींमध्ये दुसऱ्या सकाळपर्यंत टिकत नाही. हा आधार मी कितीदा धरलाय! आणि दर वेळी तो कोयता आठवतो.

मेहुण्याला दोष देऊ नका. गोळ्यांचा डबा माझ्या हातात होता. पण अंगठ्यातून वाहणारं रक्त बघून घाबरलेल्या त्या माणसाला, म्हणजे तेव्हाच्या मला, मी मूर्खही म्हणणार नाही. रक्तस्राव खराच होता. आजही शौचाला काळं झालं का, म्हणजे पोटात रक्तस्राव होतोय का, हे मी रोज बघतो.

दुसरी गोळी, क्लोपिडोग्रेल, आणखी किती दिवस, हे पुढच्या तपासणीला ठरेल. डॉक्टर थांबवूया म्हणाले तर मला सुटल्यासारखं वाटेल की भीती वाटेल, ते अजून कळत नाही.