एमआरआयमध्ये आवाज दिसतो काय ओ?

कुणी नसताना जे आवाज काही जणांना ऐकू येतात त्यांच्याबद्दलचा हा प्रश्न मला काउंटरवर किती जणांनी विचारला असेल देव जाणे. आमच्या स्कॅन सेंटरला खानापूर, निपाणी, चंदगड, गोकाक सगळीकडून पेशंट येतात, निम्मे मराठी बोलतात, निम्मे कन्नड आणि उरलेले एकाच वाक्यात दोन्ही. मी डॉक्टर नाही बरं का, टेक्निशियन. पेशंटचं मंगळसूत्र-बेल्ट-नाणी काढून घ्यायची (मंगळसूत्र काढायला बायका कासावीस होतात, मग बरोबरची सासू पिशवीतून हळदीचा दोरा काढून गळ्यात बांधते, घरनंच तयारीने आणलेला असतो), कानात इअरप्लग, डोक्याच्या दोन्ही बाजूला फोमचे तुकडे, वरून कॉइल (सिग्नल पकडणारा पिंजरा), हातात काही झालं तर दाबायचा रबरी बल्ब आणि काचेपलीकडनं "हालू नका हं मावशी" म्हणायचं, हे आपलं काम.

तर त्या प्रश्नाचं सरळ उत्तर, नाही दिसत. आपण जो नेहमीचा डोक्याचा एमआरआय काढतो तो गाठ, सूज, जुना स्ट्रोक असलं काही आहे का बघायला. डॉक्टर तेच वगळायला लिहून देतात. आवाज कुठनं येतोय ते त्या फिल्मवर कुणी बोट ठेवून दाखवू शकत नाही.

पण रिसर्चवाले दुसऱ्याच पद्धतीने बघायलेत आणि मला ते वाचायचा नाद लागलाय. ते आजारी माणसं घेत नाहीत, तुमच्या-आमच्यासारखी धडधाकट, कामधंदा करणारी, कसलं औषध नसलेली माणसं घेतात, फक्त ज्यांना कधीमधी कुणी नसताना हाक ऐकू येते, किंवा टीव्हीवरचा माणूस आपल्यालाच उद्देशून बोलतोय असं वाटून जातं. अशी माणसं थोडी आहेत असं वाटत असेल तर २०१५ चा जामा सायकियाट्री ह्या मासिकातला सर्व्हे बघा, १८ देश, ३१,२६१ माणसं, त्यातल्या ५.८ टक्क्यांनी आयुष्यात एकदा तरी असं झालंय म्हणून सांगितलं. त्यातल्या साधारण तिसऱ्या हिश्शाला तर एकदाच. आणि नवरा किंवा बायको गेल्यानंतरचं बघायचं तर १९७१ मध्ये वेल्समधल्या रीस नावाच्या डॉक्टरने २९३ विधवा-विधुरांना विचारलं होतं, जवळजवळ निम्म्यांना गेलेलं माणूस जवळ असल्याचं जाणवलेलं, कुणाला दिसलेलं, कुणाला ऐकू आलेलं, आणि बहुतेकांनी कुणाकडेच तोंड उघडलं नव्हतं. आपल्याकडे उलट, आपल्याकडे आजी सकाळी चहा पिता पिता सांगून मोकळी होते की काल रात्री हे दारात उभे होते म्हणून, आणि कुणी चहाचा कप खाली ठेवत नाही.

आता ती मशीनची भानगड. ह्याला रेस्टिंग स्टेट म्हणतात. माणसाला मशीनमध्ये घालून सांगायचं की काही करू नका, समोरच्या अधिकच्या चिन्हाकडे बघत गप पडा, पाच-दहा मिनिटं. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण बदलतं आणि ऑक्सिजन असलेलं नि नसलेलं रक्त चुंबकाला वेगळं लागतं, तो फरक एमआरआयमध्ये दिसतो हे सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवलं. मग १९९५ मध्ये भारत बिस्वाल यांनी (नाव वाचून छाती फुगली की नाही) दाखवलं की माणूस नुसता पडून असला तरी हात हलवायचे डावे-उजवे भाग एकाच तालात हळूहळू वर-खाली होत असतात. गल्लीतल्या दोन घरचे बल्ब एकदमच मिणमिणायला लागले की आपण म्हणतो ना लाईन एकच असणार, वायर बघितलेली नसते तरी, तसलाच अंदाज हा. कनेक्टिव्हिटी कनेक्टिव्हिटी म्हणून जे रंगीत फोटो फिरतात त्यात वायर कुणी बघितलेली नसते. वायरीच्या जवळ जायचं तर डिफ्युजन एमआरआय वेगळा, त्यात पाण्याचे रेणू धाग्यांच्या दिशेने कसे सरकतात त्यावरनं रस्ता काढतात, तोही अंदाजच.

सापडलं काय? पेपरांत दोन जाळ्यांचं, म्हणजे एका तालात चालणाऱ्या मेंदूच्या भागांच्या गटांचं, नाव सारखं येतं. एक डिफॉल्ट मोड, म्हणजे माणूस स्वतःशीच विचार करत बसतो तेव्हा जागं असणारं, त्याला रेकल यांच्या टीमने २००१ मध्ये हे नाव दिलं. दुसरं सिंग्युलो-ऑपरक्युलर, लक्ष टिकवणारं. २०१६ मध्ये ह्युमन कनेक्टोम प्रोजेक्टच्या (मेंदूच्या जोडण्यांचा नकाशा काढणारा प्रकल्प) तरुण निरोगी लोकांच्या डेटात असं दिसलं की ज्यांना असे अनुभव जास्त त्यांच्यात ह्या दुसऱ्या जाळ्याची कार्यक्षमता जरा कमी. मग अमेरिकेतल्या एबीसीडी ह्या पोरांच्या वाढत्या मेंदूवरच्या मोठ्या अभ्यासातल्या ९-१० वर्षांच्या पोरांमध्येही ही दोन जाळी जरा सैल बांधलेली दिसली. म्हणजे स्किझोफ्रेनियासारख्या मोठ्या आजारात जे दिसतं त्याचीच फिकट सावली. आणि नेदरलँड्समध्ये २०१२ मध्ये २१ धडधाकट आवाज ऐकणारे नि २१ पेशंट स्कॅनरमध्ये घालून आवाज येईल तेव्हाच मेंदू बघितला, तर दोघांचे तेच भाग पेटलेले. हे वाचून मी खरंच थोडा वेळ गप्प बसलो.

पण इथं माझ्यातला टेक्निशियन जागा होतो. "जरा कमी" ह्या शब्दावर माझा जाम संशय, कारण डोकं किती हलतं ते मी रोज बघतो. खोकला आला, गिळलं, मशीनचा ठाण ठाण आवाज सुरू झाला की दचकले, झोप लागून मान कलंडली. फोम कितीही ठासा. २०१२ मध्ये जोनाथन पॉवर आणि मंडळींनी दाखवून दिलं की डोकं एक मिलिमीटरच्याही आत हललं तरी लांबच्या भागांची जुळणी खोटीच कमी दिसते आणि जवळच्यांची खोटीच वाढते. आता बघा, बेचैन माणूस जास्त हलतो, लहान पोर जास्त हलतं, आणि असले अनुभव ज्यांना येतात त्यांच्यात बेचैनी जास्त असते. मग तुम्ही मोजलं काय, आवाज की मान? हल्ली हललेले फ्रेम, म्हणजे डोकं हललं त्या क्षणांचे फोटो, काढून टाकतात, चांगले अभ्यास तर दोन्ही गटांची हालचाल सारखी आहे का तेही दाखवतात, पण जुना पेपर असेल तर मी आधी तेवढंच शोधतो. वर २०२२ मध्ये नेचर मासिकात मारेक आणि इतरांनी सांगितलं की मेंदूचा फोटो आणि वागणूक यांचं नातं खात्रीने पकडायला हजारो माणसं लागतात, आणि नेहमीच्या अभ्यासात असतात पंचवीसेक.

अजून एक. माणसं निवडतात ती प्रश्नावली भरून. केप म्हणून असे अनुभव मोजणारी एक आहे त्यात जादूटोण्यावर विश्वास आहे का असाही प्रश्न आहे. आमच्या भागात विचारून बघा की, करणी, भानामती, अर्धी गल्ली हो म्हणेल आणि उरलेली अर्धी दार लावून घेईल. सौंदत्तीला पौर्णिमेला यल्लम्माच्या डोंगरावर ज्यांच्या अंगात येतं त्या सगळ्यांना कुठल्या रकान्यात घालणार? ते दुसऱ्या दिवशी येऊन दुकान उघडतात, हिशोब करतात. म्हणून तिकडचा आकडा इकडे तसाच आणून चिकटवू नये असं मला वाटतं. २०१५ मध्ये लुहरमन यांनी चेन्नई, घानातलं अक्रा आणि कॅलिफोर्निया इथले स्किझोफ्रेनियाचे पेशंट घेऊन बघितलं तर चेन्नईवाल्यांना जास्त करून नात्यातल्यांचे आवाज, हे कर ते कर म्हणून सांगणारे, कॅलिफोर्नियावाल्यांना शिवीगाळ नि मारामारीची भाषा. आजार एकच, पण आवाज बोलतो तो ज्याच्या त्याच्या मुलखासारखा.

मग काळजी कधी करायची? व्हॅन ऑस आणि लिन्सकॉट यांनी बरेच अभ्यास एकत्र करून हिशोब मांडलाय, अशा अनुभववाल्यांतले ८० टक्के लोक काही काळाने त्यातनं बाहेर पडतात, ७ टक्क्यांच्या आसपास पुढे मोठ्या आजारात जातात. अनुभव वाढत चालला, झोप गेली, कामात लक्ष नाही, घरच्यांवर संशय, आवाज काहीतरी करायला सांगतोय, ह्यातलं काही असेल तर थांबू नका, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आजारांची सरकारी संस्था आहे, बेळगावात मानसोपचारवाले आहेत, आणि टेली मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट लागतो, मराठीतही बोलतात.

सगळ्यात वाईट मला काय वाटतं सांगू? रिपोर्ट नॉर्मल आल्यावर घरची माणसं पेशंटकडे वळून म्हणतात ते. "बघ, काही नाही म्हणालेत, नाटक करालीस नुसतं." परवाही एका पोरीला तिच्या काकाने माझ्यासमोर असंच म्हणलं, ती पोरगी चप्पल घालता घालता थांबली. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की काका, नॉर्मल म्हणजे गाठ नाही एवढंच, तिला ऐकू येतंय ते ह्या मशीनला ऐकू येत नाही, चिठ्ठीवर डॉक्टरांनी पुढची तारीख दिलीय ती चुकवू नका. त्यांनी चिठ्ठी खिशात घातली आणि विचारलं, तिथं पण एमआरआय काढतात काय.