चार माणसांची झाडतोड आणि एक इंग्रजी सर्टिफिकेट

कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या एका बंगल्याच्या शेजारची भिंत आमच्या हातून पडली, तिथून हे सगळं सुरू झालं. रेनट्रीची फांदी होती, कमरेएवढी जाड. दोर बांधलेला होता. पण ज्या वरच्या फांदीवरून दोर फिरवला होता, तीच आतून पोकळ निघाली. खालची फांदी झोका घेऊन शेजाऱ्यांच्या कंपाउंडवर बसली. खाली माणूस नव्हता, एवढंच नशीब. शेजारच्या काकूंनी आधी सगळ्यांना पाणी दिलं, मग चहा दिला आणि मग गवंड्याला बोलावून हिशोब मांडला. 38,000 रुपये. त्या कामाचे आम्ही 9,000 ठरवले होते. विमा नव्हता. पैसे खिशातून गेले.

आमचा धंदा म्हणजे चार माणसं, दोन कटर (चेनसॉला आमच्याकडं कटरच म्हणतात), एक छोटा हत्ती टेम्पो आणि दोरांचं एक पोतं. वडिलांची वखार होती. ती चालेनाशी झाल्यावर मी झाडं उतरवण्या-छाटण्याच्या कामाला लागलो. वर चढतात ते तात्या. वय बावन्न, अनवाणी, कमरेला दोर. मला ते अजून ‘बाळ’ म्हणतात, कारण वखारीत मी चड्डीत फिरत होतो तेव्हापासून ते आहेत. बीएस्सीला माझा विषय वनस्पतिशास्त्र होता; त्याचा धंद्यात तोवर काडीचा उपयोग झाला नव्हता.

भिंतीनंतर महिन्याभरात कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून फोन आला. आवारातली निलगिरी आणि सुबाभूळ काढायची होती, काम मोठं. सेफ्टी ऑफिसरनं पहिलाच प्रश्न केला, “सर्टिफाइड माणूस आहे का तुमच्याकडं?” मी म्हटलं, वीस वर्षं झाली काम करतोय. तो म्हणाला, “ते बरोबर आहे, पण कागद?” काम गेलं.

मग मी शोधायला बसलो, की आपल्याकडं झाडतोड करणाऱ्याला कागद मिळतो तरी कुठला. परवानगीची बाजू मला पाठ होती. महापालिका हद्दीत 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागतो, अर्ज मालकानं करायचा, पाहणी होते, मग आदेश निघतो. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष धरतात, त्यामुळं जुन्या वडा-पिंपळाला हात लावण्याआधी आता शंभरदा विचार करावा लागतो. हे चांगलंच आहे. पण हा सगळा कायदा झाडाबद्दल विचारतो. झाड कोण तोडणार, त्याला चढता येतं का, कटर धरता येतो का, हे कुणी विचारत नाही. काल भाजी विकणारा माणूस आज कटर भाड्यानं आणून तुमच्या छपरावरचा गुलमोहर उतरवू शकतो. उतरवतोही. आमच्यापेक्षा निम्म्या पैशात.

माझा एक मावसभाऊ इंग्लंडात ब्रिस्टलजवळ याच कामात आहे. त्याला फोन लावला. मला वाटत होतं तिकडं सगळं कडक असेल. तो हसला. म्हणाला, इथंही कुणीही गाडीवर ‘ट्री सर्जन’ असं रंगवून धंदा करू शकतो. कामगाराला चेनसॉचं प्रशिक्षण असावं लागतं, पण धंद्याला असा परवाना नाही. मात्र 1964 साली स्थापन झालेली आर्बोरिकल्चरल असोसिएशन नावाची त्यांची संस्था आहे, ती ठेकेदारांना मान्यता देते. तपासनीस येतो, ऑफिसातले कागद बघतो आणि मग प्रत्यक्ष चालू कामावर येऊन उभा राहतो. काप कसा घेतला, दोर कुठं बांधला, खाली रस्ता कसा अडवला, सगळं. झाडकामाचं त्यांचं ब्रिटिश मानकसुद्धा आहे, 3998 क्रमांकाचं. “मग तू घेतलीस का मान्यता?” म्हटलं. “नाही रे,” तो म्हणाला. “आम्ही तिघंच. फी, फायली, परत परत तपासणी. आणि म्हातारी बाई दार उघडते तेव्हा तो शिक्का बघत नाही, शेजारणीनं काय सांगितलं ते बघते.” म्हणजे तारा राणीच्या पुतळ्यापासून ब्रिस्टलपर्यंत रडगाणं एकच.

तरीही तपासनीस झाडाखाली येऊन उभा राहतो, ही गोष्ट माझ्या डोक्यात बसली.

आपल्याकडं तसं काही सापडलं नाही. सरकारी कौशल्य योजनेत आधीच्या अनुभवाला मान्यता देऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे, त्यात माळीकाम आहे. पण चाळीस फुटांवर कटर चालवणाऱ्याच्या कामाशी त्याचा मेळ बसेना. दुसरी वाट दोरावरच्या कामाची, म्हणजे इराटा. उंच इमारतींच्या काचा पुसणारे, कारखान्यांची धुराडी रंगवणारे करतात तो कोर्स. चार दिवस प्रशिक्षण, पाचव्या दिवशी परीक्षा, सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. तिसरी वाट अमेरिकेतल्या इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चरची, थोडक्यात आयएसए. त्यांची ‘सर्टिफाइड आर्बोरिस्ट’ परीक्षा. तीन वर्षांचा अनुभव दाखवायचा, मग साडेतीन तासांत 200 प्रश्न, सगळे पर्याय निवडायचे. इंग्रजीत. मी ही तिसरी धरली. खरं सांगायचं तर त्यात थोडा बीएस्सीचा माज होता.

पण परीक्षेच्या आधी घर आवरणं आलं. उद्यम नोंदणी एका दुपारी झाली. आधार, पॅन, मोबाईलवर ओटीपी, फी शून्य. (एका एजंटनं याच कामाचे दीड हजार सांगितले होते. सरकारी साईटवर स्वतः करा.) जीएसटी लागत नव्हता, आमची उलाढाल वीस लाखांच्या आत. विमा मात्र घाम काढणारा निघाला. पहिल्या एजंटनं ‘झाडं तोडता’ ऐकल्यावर मला शेतीच्या योजना दाखवल्या. दुसऱ्यानं धंदा ‘बागकाम’ असा लिहिला. मी अडलो. बागकाम लिहून हप्ता कमी बसला असता, पण माणूस तीस फुटांवरून पडल्यावर कंपनी विचारणारच, की माळी तिथं काय करत होता? शेवटी तिसऱ्याकडं उंचीवरचं काम असं स्पष्ट लिहून कामगार भरपाईची पॉलिसी निघाली, ज्याला सगळे डब्ल्यूसी म्हणतात, आणि दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची वेगळी. हप्ता दीडपट. या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या: पॉलिसीवर तुमचं काम काय लिहिलंय ते स्वतः वाचा.

मग तीन वर्षांच्या अनुभवाचा पुरावा. आमचा धंदा रोखीचा. पावती मागितली तर लोकच म्हणतात, “कशाला, ओळखीचं काम आहे.” दोन रात्री मी कपाट उलटंपालटं केलं. आणि बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात मिळाल्या परवानगी आदेशांच्या झेरॉक्स. कामावर कुणी तक्रार केली तर दाखवायला म्हणून ठेवलेल्या. प्रत्येकावर तारीख, पत्ता, झाडाची जात, संख्या. सहा वर्षांचा इतिहास तिथं पडून होता. त्या त्या मालकांकडं जाऊन मी एकेक पत्र लिहून घेतलं, इंग्रजीत. राजारामपुरीतल्या एका निवृत्त सरांनी माझ्या मसुद्यातल्या चार चुका काढल्या, मगच सही केली. त्या दिवसापासून मी प्रत्येक कामाचं बिल करतो, फोटो काढतो, आधीचा आणि नंतरचा.

अभ्यास रात्री. त्यातला निम्मा भाग आमच्या कामाचा नव्हताच. ओक, मेपल, बर्फाच्या वजनानं मोडणाऱ्या फांद्या. कोल्हापुरात बर्फ उसाच्या रसात. पण उरलेल्या अर्ध्यानं मला हलवलं. अॅलेक्स शायगो नावाचे अमेरिकी वन खात्यातले शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी आयुष्यभर झाडं कटरनं उभी चिरून आतली कूज कशी पसरते ते पाहिलं आणि 1977 साली मांडलं, की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड ती जागा आत कोंडून घेतं, भिंती घालतं आणि पुढं वाढतं. फांदी खोडाला मिळते तिथं जो फुगवटा असतो, त्यातच ही भिंत घालायची ताकद. आम्ही वीस वर्षं तो फुगवटा खोडाबरोबर सपाट तासून काढत होतो. वर गेरू-चुना फासत होतो. गिऱ्हाईकाला ‘फिनिशिंग’ आवडायचं.

हे तात्यांना सांगितलं तर ते म्हणाले, “पुस्तकातलं झाड येगळं असतंय बाळ.” मग मी त्यांना नागाळा पार्कात नेलं. आठ वर्षांपूर्वी तिथल्या गुलमोहराची एक मोठी फांदी आम्हीच तासून काढली होती. जागा बघितली तर हात मनगटापर्यंत आत जात होता. त्याच झाडावर, त्याच वर्षी, दुसऱ्या बाजूची एक फांदी वारा लागून मोडली होती आणि वेळ नसल्यानं आम्ही तिचं बूड ओबडधोबड, फुगवट्याबाहेरच सोडलं होतं. तिथं सालीची गोल कड चारी बाजूंनी चढून आली होती. तात्यांनी दोन्हीकडं बघितलं. काही बोलले नाहीत. पुढच्या कामावर मात्र त्यांनी आधी खालून चीर दिली, मग वितभर पुढं वरून काप घेतला, आणि उरलेला खुंट फुगवट्याच्या बाहेरून कापला. मला म्हणाले, “आता चुना नको का?” नको म्हटलं. मालकीणबाईंनी चुना का नाही म्हणून पाचशे रुपये कापून घेतले.

परीक्षेला पुण्याला गेलो. पहिल्यांदा नापास. निकालाबरोबर कुठल्या भागात किती ते दाखवतात. माती आणि बांधकामालगतची झाडं यात मी आडवा झालो होतो. पाच महिन्यांनी परत बसलो, पास झालो. फी डॉलरमध्ये, दोनदा भरलेली, पुस्तकं, एसटी, बुडलेले दिवस धरून साठ हजारांच्या आसपास गेले. वर्षाचा विम्याचा हप्ता वेगळा.

सर्टिफिकेट आलं तेव्हा मी ते गाडीत सगळ्यांना दाखवलं. तात्यांनी ते हातात घेतलं, उलटं करून मागची बाजू पाहिली आणि विचारलं, “ह्यात माझं नाव कुठं हाय?”

आणि हीच या योजनेची मला दिसलेली खरी अडचण. आयएसए माणसाला प्रमाणित करते, धंद्याला नाही. तो माणूस मी. मी खाली उभा राहून दोर धरतो. वर जातात ते तात्या, त्यांना इंग्रजी येत नाही, सही कशीबशी करतात. परीक्षेत मला कुणी झाडावर चढवलं नाही, गाठ मारायला लावली नाही. माझ्या त्या कागदावर विश्वास ठेवून जो गिऱ्हाईक काम देईल, त्याच्या छपरावरचा काप मी घेणारच नाहीये. मावसभावाच्या तपासनीसाची आठवण तेव्हा आली.

धंद्यावर परिणाम? घरगुती गिऱ्हाईकांत जवळजवळ शून्य. शाहूपुरीत, रुईकर कॉलनीत अजून पहिला प्रश्न, “किती घेणार?” आणि दुसरा, “लाकूड तुम्हीच नेताय ना, मग पैसे कसले?” रेनट्रीच्या लाकडाला वखारीत काय भाव येतो ते त्यांना सांगून सांगून तोंड दुखलं. उलट काही कामं गेली. लोकांना पावसाळ्याआधी झाड बोडकं करून हवं असतं. वरून सपाट, खांब राहिल्यासारखं. मी आता नाही म्हणतो, कारण असं मुंडण केलेलं झाड भराभर कमजोर फुटवे काढतं आणि तेच तीन-चार वर्षांनी वळवाच्या वाऱ्यात तुटून गाड्यांवर पडतात. ऐकणारे ऐकतात. बाकीचे निम्म्या पैशातल्या माणसाला बोलावतात.

कागलच्या त्याच कारखान्यात मी पुन्हा गेलो, फाईल घेऊन. सेफ्टी ऑफिसरनं सर्टिफिकेट दोन सेकंद पाहिलं. मग डब्ल्यूसी पॉलिसी पूर्ण वाचली, नावं मोजली, तात्यांचा डॉक्टरी दाखला मागितला आणि हाईट पाससाठी, म्हणजे उंचीवर काम करायच्या परवानगीसाठी, त्यांना पाच मीटरवर चढून, हार्नेस घालून चालून दाखवायला लावलं. अनवाणी नाही, बूट घालून. तात्या चिडले, पण पास झाले. काम मिळालं. म्हणजे ज्या कागदासाठी मी दीड वर्ष घातलं, त्यापेक्षा विम्याच्या कागदानं दार उघडलं.

मला आता बरेच जण विचारतात, दादा, आम्ही करू का हे? गारगोटीचा एक मुलगा, दोघांचं काम, कालच विचारत होता. त्याला म्हटलं, आधी विमा काढ, नंतर दोर बदल, बिलं करायला लाग. इंग्रजी बरं असेल आणि मोठ्या कंपन्यांची, टाउनशिपची कामं धरायची असतील तर परीक्षेचा विचार कर. नुसत्या पेठेतल्या अंगणातल्या नारळ-आंब्यासाठी साठ हजार घालू नकोस. पण उद्या कुणी मराठीत, झाडाखाली येऊन, चढणाऱ्याला तपासणारी योजना काढली, तर पहिला अर्ज माझा असेल, फी कितीही असो.

माझ्या सर्टिफिकेटची मुदत तीन वर्षांची आहे. तोवर 30 तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. माझे अकरा झालेत. पुढच्या मुदतीसाठी पुन्हा पैसे भरायचे की सोडायचं हे ठरलेलं नाही. त्या पैशातून यंदा तात्यांच्या धाकट्याला दोरावरच्या कामाच्या कोर्सला पाठवलं. तिथं सगळं पोलादाच्या तुळयांवर शिकवतात, जिवंत फांदीवर नाही, पण दोन दोर वापरायची सवय त्याला लागली: एक कामाचा, एक जिवाचा. आल्या आल्या त्यानं वखारीच्या जागेतल्या आंब्यावर सगळं बांधून दाखवलं. तात्यांनी जिवाच्या दोराची गाठ सोडली, पोराला परत बांधायला लावली, तीही सोडली, आणि मग आपल्या पद्धतीनं स्वतः बांधून तिच्यावर दोन्ही पाय उचलून लटकले.