ड्रेसिंग रूममधली रबरी नळी

सकाळी इनक्युबेटर उघडला आणि प्लेट हातात घ्यायच्या आधीच वास आला, द्राक्षासारखा गोडसर. लॅबमध्ये पंधरा वर्षं काढल्यावर हा वास झोपेतही ओळखू येईल. स्युडोमोनास. आगार, म्हणजे प्लेटमधला जंतू वाढवायचा थर, पोपटी हिरवं झालं होतं, ते या जंतूचं नेहमीचंच. पण औषध लागू पडलं की त्याच्या चकतीभोवती जंतू न वाढलेली जी स्वच्छ गोल जागा सुटायला हवी, ती कुठेच नव्हती. सेफ्टाझिडिम, अमिकासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन... मेरोपेनेमच्याही अगदी काठाला चिकटून वाढ. मी पट्टी घेऊन बसले होते आणि मोजायला काहीच नव्हतं.

नमुना बर्न्स वॉर्डातल्या एका गुळव्याचा होता. गुऱ्हाळावर पाय घसरला, उकळता रस अंगावर आला, दोन्ही पाय मांडीपर्यंत भाजले. रजिस्टर मागे उलटलं. नऊ दिवसांत ही तिसरी प्लेट, तिन्हींत हीच गत. तेवढ्यावरून एकच जंतू फिरतोय असं ठाम म्हणता येत नाही, पण माझ्या पोटात गोळा आला.

मॅडम म्हणाल्या, "फोनवर नको, आपणच वर जाऊ."

वॉर्डात सिस्टरनी ड्रेसिंग उघडून दाखवलं. गॉजवर हिरवट निळा डाग. "तीन दिवस बघतेय मी. दोनदा ड्रेसिंग करते, प्रत्येक पेशंटला हात धुते," एवढं बोलून त्या थांबल्या. गुळव्याची बायको कॉटच्या पायथ्याशी उभी होती. "बाई, मोठं औषध द्या की. पैशाचं आम्ही बघतो."

मोठं औषध चालूच होतं. पण जळून मेलेल्या कातडीत रक्त फिरत नाही, त्यामुळे शिरेतून दिलेलं औषध तिथवर पोचतच नाही. जिथे पोचतं तिथे हा जंतू आत येण्याच्या वाटा बंद करतो, शिरलेलं बाहेर फेकतो, काही औषधं तर तोडूनच टाकतो. उरलं होतं कोलिस्टिन. किडनीला त्रास होतो म्हणून मागे पडलेलं जुनं औषध, दुसरं काही चालेना तेव्हा पुन्हा बाहेर काढलेलं. त्याची तपासणी चकतीने होत नाही, रेणू मोठा, आगारमध्ये नीट पसरत नाही. ती ब्रॉथमध्येच, म्हणजे जंतू वाढवायच्या पातळ द्रवात लावावी लागते, म्हणजे आणखी एक रात्र. ती रात्र मला फार जड गेली.

त्याच दुपारी आम्ही स्वॅब घेतले. कॉटचे दांडे, ट्रॉली, मलमाची बरणी, सिंक. शेवटी ड्रेसिंग रूममधला नळ. पेशंटला धुवायला सोपं जावं म्हणून त्याला हातभर रबरी नळी लावलेली.

"मावशी, ही कधीची?"

"मी लागले तवापास्नं हाय की."

मॅडमनी ब्लेडने नळी उभी चिरली. आतून शेवाळासारखा बुळबुळीत थर, बोटाला ओढला की तार येत होती. भाजलेल्या प्रत्येक माणसाच्या अंगावरून रोज याच नळीचं पाणी जात होतं. त्या क्षणी कोणीच काही बोललं नाही. सिस्टर नुसत्या त्या थराकडे बघत राहिल्या.

ब्रॉथचा निकाल आला, कोलिस्टिन कमी मात्रेतही जंतूला रोखत होतं. किडनीसाठी रोज रक्तातलं क्रिएटिनिन बघत बघत ते चालू केलं. तिसऱ्या दिवशी नळीची प्लेट वाचली. हिरवी, आणि चकत्यांभोवती जागा नाही. वॉर्डातली नळी चिरली त्याच दिवशी काढली होती, नळही नंतर बदलला.

सव्वा महिन्याने गुळव्याच्या पायांवर कातडी लावता आली. आधीच्या दोन नमुन्यांपैकी एक, स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या एका मुलीचा होता. आम्ही वर गेलो त्याच्या आदल्या रात्री ती गेली होती. तिची प्लेट मीच वाचली होती. सगळ्या चकत्यांपुढे 'रेझिस्टंट' लिहिलं, सही केली आणि पुढची प्लेट उचलली.