काळ्या द्राक्षाची साल

मित्राने शॅम्पेन ओतली आणि मी पेला खिडकीतल्या उन्हासमोर धरून नुसता बघत बसलो. बाटलीवर २०१२ साल, प्रकार ब्लां द न्वार, म्हणजे काळ्या द्राक्षांची पांढरी शॅम्पेन. द्राक्षं सगळी पिनो न्वार, म्हणजे काळीभोर. पेल्यात मात्र फिकट सोनेरी. काळ्याचा मागमूस नाही.

"पिणारेस की पंचनामा करणारेस?" मित्र वैतागला.

लहानपणी मला काळी द्राक्षं सोलून खायची खोड होती. देठाकडची साल नखाने उचकटायची आणि न फाडता उतरवायची. आतून हिरवट, काचेसारखा गर निघायचा. उजेडात धरला की आतली बी दिसायची. बोटं जांभळी. गर कधीच संपलेला असायचा आणि मी उरलेल्या साली एकेक करून चघळत बसायचो. तुरट लागायच्या, जीभ खरखरीत व्हायची, तरी सोडवत नसे. सगळा रंग सालीत असतो हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

शॅम्पेनवालेही त्या सालीलाच जपून असतात. फ्रान्समधल्या त्यांच्या शॅम्पेन प्रांतात द्राक्षं हातानेच खुडायची असा नियम आहे. साल फुटली की रसाला रंग चढलाच. अख्खे घड दाबयंत्रात जातात आणि ४,००० किलोंतून फक्त २,५५० लिटर रस घेतात. त्यातही पहिला २,०५० लिटर मानाचा. जास्त पिळायला गेलं की साल बोलू लागते.

२०१२ साली तिथे हिमकडाका, गारा, बुरशी, सगळं झालं. पीक थोडं आलं; पण जे वाचलं ते शेवटच्या उन्हात झकास पिकलं. बाटलीवर असं वर्ष लिहिलेली, एकाच वर्षाच्या पिकाची शॅम्पेन म्हटली की बाटलीत निदान ३ वर्षं मुरवावीच लागते.

पेला उंच आणि निमुळता होता. असल्या पेल्यांवर माझा राग आहे, नाक आत जातच नाही. तरी भाजलेल्या पावाच्या कडेचा वास आला. तो बाटलीत मुरताना मेलेल्या यीस्टचा. घोट चांगला भरीव होता. मित्राला चेरी लागली. मला लागली नाही. पेल्यातली थंडी जरा उतरली, तेव्हा मात्र लागली.

पण एक शंका जाईना. बाटली झाकून, पांढऱ्या द्राक्षांची म्हणून हीच दिली असती, तर ती चेरी आली असती का?

"लिंबू आलं असतं," मित्र म्हणाला.

असेलही.