मागचा आरसा

गेल्या महिन्यात धारूरच्या आमच्या सलूनवाल्यानं मागचा आरसा दाखवलाच नाही. इतकी वर्षं कटिंग झाली की तो मानेमागं आरसा धरायचा, मी मान डोलवायचो, मग पावडरचा ब्रश. त्या दिवशी थेट ब्रश. मागितला तर म्हणतो, "असू द्या की सर, बेस झालंय." हट्टानं बघितलं. टाळूवर चहाच्या बशीएवढं माळरान!

घरी येऊन वाचत बसलो. डोक्यावर लाखभर केस. एकेक २ ते ६ वर्षं वाढतो, मग मूळ तीनेक महिने पडीक राहतं. जुना गळतो, नवा फुटतो. नवा फुटायचं बियाणं म्हणजे मुळाच्या कडेला फुगवट्यात बसलेल्या मूलपेशी. म्हातारपणी त्या मरत असतील, अशी माझी समजूत. पण २०१६ साली जपानी संशोधकांनी उंदरांवर दाखवलं, की या मूलपेशींना जागेवर धरून ठेवणारं 'कोलॅजन १७' नावाचं प्रथिन वयानुसार झिजतं. मग त्या मूलपेशी केसाचं काम सोडतात, कातडीच्या पेशी होतात आणि वर सरकत सरकत कोंड्यासारख्या झडून जातात. २०२१ मध्ये अमेरिकेत तर जिवंत उंदरांच्या कातडीत या पेशी फुगवट्यातून निसटून जाताना दिसल्या.

इथं मी चष्मा काढला. दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडं ट्रॅक्टरवर भांडी, शेळी, लेकरं चढतात आणि ऊसतोडीच्या टोळ्या घाट उतरतात. मागं उरतात म्हातारी आणि कुलपं. गाव मरत नसतं, उठून जातं. आमची माणसं निदान पाडव्याच्या आगंमागं परततात तरी.

माझं टक्कल मात्र वयाचं कमी, वडिलोपार्जित जास्त. तसल्या टकलात मूलपेशी बहुतेक जागेवरच असतात, हे २०११ सालीच दिसलंय. फक्त त्यांच्यापासून पुढं केस घडवणाऱ्या पेशी पुरेशा तयार होत नाहीत. घरी असून शेताकडं न फिरकणारे भाऊबंद!

काल खुर्चीत बसल्या बसल्या हे सगळं सलूनवाल्याला ऐकवलं. त्यानं कैची थांबवली, माझं डोकं डावीकडं वळवलं आणि जवळून बघत विचारलं, "मग सर, हे कानातले कोणच्या गावचे?"